‘स्कॅन ॲबनॉर्मल’ हा गोळीचा साइड इफेक्ट असतो का?

दिवाळीनंतरची गोष्ट. रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज आला. “ताई, जागी आहेस? हे बघ जरा.” खाली एक स्क्रीनशॉट. आयबुप्रोफेन या अगदी साध्या, घराघरात असणाऱ्या वेदनाशामक गोळीच्या नावाखाली साइड इफेक्ट्सची लांबलचक यादी, आणि त्यात एका ओळीला त्याने लाल गोल केलेला: ‘स्कॅन ॲबनॉर्मल’. पुढचा मेसेज लगेच आला. “आईचा एमआरआय म्हणूनच खराब आलाय. तीन महिने ती हीच गोळी घेतेय. आता गोळी बंद करतो आणि महिन्याने परत स्कॅन करतो. बायोप्सीची गरज नाही ना मग?”

माझी मावशी कराडला राहते, वय ५८. तीन महिने कंबर दुखत होती. कधी शेकायची, कधी गोळी घ्यायची. शेवटी एमआरआय झाला आणि त्यात कमरेचे लागून असलेले दोन मणके आणि त्यांच्यामधली चकती झिजलेली दिसली, शेजारी थोडं पाणी साठल्यासारखं. डॉक्टरांनी सुईने नमुना घेऊन तपासायला सांगितलं होतं. घरातले सगळे त्या ‘सुई’ या शब्दानेच हादरले होते, त्यामुळे भावाला ती लाल ओळ म्हणजे देवच पावल्यासारखं वाटलं असणार.

आता योगायोग असा की माझ्या पीएचडीचा विषयच हा आहे. औषधांच्या दुष्परिणामांचे जे लाखो अहवाल जमा होतात, त्यातून खरा धोका कोणता आणि नुसता गोंधळ कोणता हे संख्याशास्त्राने कसं ओळखायचं. घरच्यांना मी चार वर्षं हे समजावतेय आणि चार वर्षं ते लग्नात लोकांना “ती औषधांचं काहीतरी करते” असं सांगतायत. त्या रात्री पहिल्यांदा माझा विषय घरात कुणाच्या तरी उपयोगी पडला. म्हणून म्हटलं, यावेळी ब्लॉगवर हेच लिहू.

भावाला मी आधी फोन केला आणि एकच गोष्ट सांगितली: बायोप्सी ठरल्या दिवशी होऊ दे. कारण नंतर समजावते.

तर, ती ओळ तिथे येते कुठून?

अमेरिकेत एफडीएकडे औषधांच्या दुष्परिणामांचा एक प्रचंड डेटाबेस आहे. त्याला ‘फेअर्स’ म्हणतात. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, खुद्द पेशंट, वकील, कुणीही त्यात अहवाल पाठवू शकतं; औषध कंपन्यांकडे तक्रार आली तर त्यांना ती पुढे कळवावीच लागते. त्यात आजवर दोन कोटींहून जास्त अहवाल जमले आहेत. स्वीडनमध्ये उप्साला इथे जागतिक आरोग्य संघटनेसाठी असाच जगभरचा साठा ठेवला जातो. या सगळ्यामागे थॅलिडोमाइडचा धडा आहे. गरोदरपणातल्या मळमळीवर दिलेल्या त्या औषधामुळे हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली आणि ते लक्षात यायला १९६१ साल उजाडलं. वेगवेगळ्या गावांतल्या डॉक्टरांनी पाहिलेल्या एकेकट्या केसेस एका जागी जमल्या असत्या तर लवकर कळलं असतं, हा त्यातला विचार. म्हणून या व्यवस्थेचा पहिला नियमच असा की संशय पुरेसा आहे, पुरावा मागायचा नाही. “ही गोळी घेतली आणि असं झालं” एवढं वाटलं तरी कळवा.

हा नियम अतिशय चांगला आहे. पण त्याचा अर्थ असा की डेटाबेसमध्ये जे साठतं ते संशय असतात, निष्कर्ष नसतात. पोलीस ठाण्यातल्या तक्रारवहीसारखं. वहीत नाव आलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं कुणी म्हणत नाही. औषधांच्या बाबतीत मात्र आपण सर्रास तसं म्हणतो, कारण यादीवर ‘साइड इफेक्ट’ असं लिहिलेलं असतं.

आता ‘स्कॅन ॲबनॉर्मल’ हे शब्द बघा. हे कुणा डॉक्टरचं निदान नाही. दुष्परिणामांचे अहवाल जगभर एकाच भाषेत नोंदवता यावेत म्हणून ‘मेड्रा’ नावाचा एक वैद्यकीय शब्दकोश वापरतात. पेशंटने “डोकं भणभणतंय” लिहिलं, डॉक्टरने “सेफॅलजिया” लिहिलं, तरी नोंद ‘हेडेक’ या एकाच ठरलेल्या शब्दाखाली व्हावी, हा त्याचा हेतू. यात एमआरआयमधला दोष, सीटीमधला दोष, मूत्रपिंडाच्या सोनोग्राफीतला दोष यांना वेगवेगळे शब्द आहेत. मग नुसतं ‘स्कॅन ॲबनॉर्मल’ कधी लिहिलं जातं? जेव्हा अहवाल पाठवणाऱ्याने कुठला स्कॅन, कुठल्या अवयवाचा, काय दिसलं यातलं काहीच सांगितलेलं नसतं तेव्हा. कोड देणाऱ्या माणसाला स्वतःच्या मनाने अंदाज करायची परवानगी नसते. जे लिहिलंय तेच नोंदवायचं. “माझा स्कॅन बरोबर आला नाही” एवढ्याच वाक्याचं ते भाषांतर आहे.

म्हणजे त्या एका ओळीखाली कुणाचा गुडघा असेल, कुणाचं फुप्फुस, कुणाचं थायरॉइड, कुणाचा मेंदू. या सगळ्यांना मिळून एकच गोळी कारणीभूत आहे असं म्हणायला त्यांच्यात काहीतरी एक समान दिसायला हवं ना? दिसतो तो फक्त ‘स्कॅन’ हा शब्द.

आणखी एक मजा आहे, जी मला स्वतःला पहिल्या वर्षी कळली नव्हती आणि गाइडसमोर तोंडावर पडले होते. एका अहवालात एकच औषध आणि एकच त्रास असं क्वचित असतं. साठीच्या माणसाचा अहवाल घ्या: बीपीची गोळी, शुगरची, ॲसिडिटीची, रक्त पातळ करायची आणि अधूनमधून आयबुप्रोफेन. पाच औषधं. आणि तक्रारी? चक्कर, अशक्तपणा, भूक कमी, पाय सुजले, पडणं, स्कॅन ॲबनॉर्मल. सहा. आता साधेपणाने जोड्या मोजल्या तर या एका माणसाच्या एका अहवालातून पाच गुणिले सहा, म्हणजे तीस ‘औषध-दुष्परिणाम’ जोड्या तयार होतात. फेअर्समध्ये मुख्य संशयित औषध कोणतं आणि नुसतं सोबत चाललेलं कोणतं याची वेगळी नोंद असते. पण यादी बनवणारे सगळेच तो फरक पाळत नाहीत. त्यामुळे जी गोळी सगळ्यांच्याच डब्यात असते, ती सगळ्यांच्याच तक्रारीत दिसते.

मग आम्ही लोक करतो काय? नुसती संख्या मोजत नाही, प्रमाण बघतो. थोडं गणित करू. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, खरे नाहीत. समजा एकूण १,००,००० अहवाल आहेत. त्यातले २,००० आयबुप्रोफेनचे, आणि त्या २,००० पैकी २० मध्ये ‘स्कॅन ॲबनॉर्मल’ आहे. म्हणजे १ टक्का. उरलेल्या ९८,००० अहवालांपैकी ४९० मध्ये तीच तक्रार आहे. म्हणजे अर्धा टक्का. एकाला अर्ध्याने भागलं की उत्तर २. याला ‘प्रपोर्शनल रिपोर्टिंग रेशो’ म्हणतात. प्रचलित नियम असा की निदान तीन अहवाल असावेत, हे गुणोत्तर २ किंवा जास्त असावं आणि काय-स्क्वेअर ४ किंवा जास्त यावा. तसं झालं तर त्याला ‘सिग्नल’ म्हणायचं. आपल्या उदाहरणात सिग्नल मिळाला. टाळ्या!

पण थांबा. तुलना कुणाशी केली? उरलेल्या सगळ्या औषधांशी. त्यात बीपीच्या गोळ्या आल्या, गर्भनिरोधक गोळ्या आल्या, पुरळाची मलमं आली. नुसत्या बीपीसाठी कुणी एमआरआय काढतं का? वेदनाशामक घेणाऱ्या माणसाचं मात्र काहीतरी दुखत असतं, आणि बरेच दिवस दुखणाऱ्या माणसाला आज ना उद्या स्कॅनच्या मशीनमध्ये झोपवलं जातंच. आता हीच तुलना दुसऱ्या वेदनाशामकांशी करून बघा. कंबरदुखीसाठी पॅरासिटामॉल घेणारे, मलम चोळणारे. ते २ कुठल्या कुठे पळतात आणि १ च्या आसपास येऊन बसतात असं या प्रकारच्या शब्दांबाबत मी माझ्या विश्लेषणांत पुन्हापुन्हा पाहिलंय. तुलनेचा गट बदलला की ‘दुष्परिणाम’ गायब होतो. ज्या दुखण्यासाठी गोळी घेतली, त्याच दुखण्यासाठी स्कॅन काढला. दोघांचं मूळ एक.

याचा एक जास्त घातक प्रकार आहे, त्याला ‘प्रोटोपॅथिक बायस’ म्हणतात. आजार शरीरात शिरलेला असतो पण ओळखला गेलेला नसतो. त्याचं पहिलं लक्षण म्हणजे दुखणं. दुखण्यासाठी गोळी सुरू होते. नंतर काही आठवड्यांनी स्कॅनमध्ये आजार दिसतो. कॅलेंडरवर बघितलं तर आधी गोळी, मग खराब स्कॅन. गोळीमुळेच झालं असं वाटायला सगळी तयारी झालेली. प्रत्यक्षात आजार गोळीच्या आधीपासून आहे. गोळी हा त्याचाच परिणाम आहे. उलटी गंगा.

मावशीचं नेमकं हेच होतं. बायोप्सीचा रिपोर्ट आला: मणक्याचा क्षयरोग. टीबी.

हे वाचून दचकू नका, आपल्याकडे हा काही दुर्मिळ आजार नाही. हाडासांध्यांच्या टीबीच्या साधारण निम्म्या केसेस मणक्याच्या असतात. खोकला नसतो, त्यामुळे टीबीचा संशयच येत नाही. हळूहळू वाढणारी कंबरदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं. आणि इथे त्या बिचाऱ्या गोळीचा एक खरा परिणाम आहे जो यादीत कुणी लाल गोल करून दाखवत नाही: आयबुप्रोफेन ताप उतरवते. मावशी दुपारी जेवण झालं की गोळी घ्यायची, संध्याकाळचा ताप दिसायचाच नाही. “ताप येतो का?” या प्रश्नाला ती अगदी खरं सांगून “नाही” म्हणत होती. गोळीने आजार केला नाही, पण झाकला.

भावाच्या योजनेप्रमाणे महिनाभर थांबलो असतो तर? मणक्यात साठलेला पू मज्जारज्जूवर दाब आणू शकतो. पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, हे या आजारात पुस्तकात वाचायचे प्रकार नाहीत, हाडांच्या वॉर्डात दिसतात. म्हणून मला त्या एका ओळीचा इतका राग आला. ती ओळ खोटी नाही. पण “स्कॅन खराब आलाय” या बातमीला ती एक सोयीस्कर पळवाट देते, आणि घाबरलेल्या घराला पळवाट हवीच असते.

हे लिहिताना मला दुसऱ्या टोकालाही जायचं नाही. “गोळ्यांचा स्कॅनशी काही संबंध नसतो” असं कुणी या लेखावरून म्हणाल तर तेही चूक. संबंध असतो, आणि त्याची एक मोठी गोष्ट आहे.

फेनासेटिन नावाचं वेदनाशामक ऐकलंय? तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ‘एपीसी’ गोळी आठवत असेल. ॲस्पिरिन, फेनासेटिन, कॅफिन. डोकं दुखलं की एपीसी. जगभर याच मिश्रणाच्या पुड्या आणि गोळ्या खपत होत्या, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या कारखान्यांत बारीक काम करणारे कामगार दिवसभर त्या घ्यायचे. ऑस्ट्रेलियात ‘बेक्स’च्या पुड्या गृहिणी चहासोबत घेत, इतक्या की चहा, बेक्स आणि जरा आडवं होणं हा तिकडचा वाक्प्रचार झाला. कॅफिनमुळे तरतरी यायची, पुडी सोडली की डोकं दुखायचं, म्हणून परत पुडी.

१९५३ साली झुरिकचे स्प्यूलर आणि झोलिंगर यांनी लिहिलं की एका विशिष्ट प्रकारच्या मूत्रपिंडविकाराचे पेशंट त्यांना वाढत्या संख्येने दिसतायत आणि त्यातले बरेच वर्षानुवर्षं वेदनाशामक घेणारे आहेत. तेव्हा हाही एक संशयच होता, आजच्या फेअर्समधल्या ओळीसारखा. आणि तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला: डोकेदुखी, अंगदुखी हीच मूत्रपिंडाच्या आजाराची लक्षणं असतील आणि म्हणून हे लोक गोळ्या घेत असतील तर? प्रोटोपॅथिक बायस! प्रश्न रास्तच होता.

त्याचं उत्तर मिळायला काय लागलं बघा. १९६८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ३० ते ४९ वयाच्या निरोगी नोकरदार बायका निवडल्या. निरोगी हे महत्त्वाचं, म्हणजे आजार आधी नव्हता. “तुम्ही गोळ्या घेता का” या प्रश्नावर विसंबले नाहीत, कारण लोक लपवतात, लघवी तपासली. फेनासेटिनचं शरीरात पॅरासिटामॉल होतं आणि ते लघवीत सापडतं. अशा नियमित घेणाऱ्या ६२३ बायका आणि तुलनेसाठी न घेणाऱ्या ६२१. आणि मग जवळजवळ वीस वर्षं दोन्ही गटांचा पाठपुरावा. फेनासेटिनच्या गटात मूत्रपिंड आणि मूत्रमार्गाच्या विकारांनी झालेले मृत्यू कितीतरी जास्त निघाले. एकेका निष्कर्षामागे किती जणांची किती वर्षं जातात हे बघून मला पीएचडी लांबल्याचं दुःख जरा कमी होतं.

असं का व्हायचं, तर मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, जिथे लघवी घट्ट होते, तिथे रक्तपुरवठा आधीच बेताचा असतो. पाणी ओढून घेतल्यामुळे तिथे औषधाचे अंशही जास्त घट्ट होतात. फेनासेटिनचे घटक तिथल्या पेशींना इजा करतात, आणि ॲस्पिरिन तिथला रक्तप्रवाह टिकवणारी प्रोस्टाग्लँडिनं कमी करतं. वर्षानुवर्षं हे चाललं की तो भाग मरतो आणि तिथे कॅल्शियम साठतं. आणि हे सीटी स्कॅनमध्ये दिसतं: दोन्ही मूत्रपिंडं आकसलेली, कडा खडबडीत, आणि आत त्या विशिष्ट जागी कॅल्शियमचे ठिपके. ही तीन लक्षणं मिळून वेदनाशामकांमुळे झालेला मूत्रपिंडविकार ओळखण्याचे निकष बनले. ॲबनॉर्मल स्कॅन, आणि खरोखर वेदनाशामकामुळे!

फरक लक्षात आला का? इथे ‘स्कॅन ॲबनॉर्मल’ असं मोघम काही नाही. ठराविक अवयव, ठराविक जागा, ठराविक चित्र. ते का व्हावं याचं कारण सांगता येतं. जास्त वर्षं, जास्त पुड्या, तर जास्त नुकसान. आणि औषध काढून घेतल्यावर नवे पेशंट कमी झाले. ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये अशी मिश्रणं चिठ्ठीशिवाय विकणं बंद केलं. भारताने फेनासेटिनवर १९८३ साली बंदी घातली, अमेरिकेतूनही ते त्याच वर्षी गेलं.

आयबुप्रोफेन म्हणजे फेनासेटिन नव्हे. पण प्रोस्टाग्लँडिनं कमी करणं हेच तिचं काम आहे, त्यामुळे मूत्रपिंडाला तिचा त्रास होऊच शकतो: शरीरात पाणी कमी असताना, आधीच मूत्रपिंड कमजोर असताना, किंवा बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी सोबत चालू असताना. तो बिघाड मात्र बहुतेक वेळा स्कॅनमध्ये नाही, रक्तातल्या क्रिएटिनिनमध्ये आधी दिसतो. तीन-तीन महिने स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नका असं डॉक्टर म्हणतात ते यासाठी आणि पोटातल्या अल्सरसाठी. मावशीला मी यावरून ओरडलेच. “तू डॉक्टर कधी झालीस?” असं तिने विचारलं. पीएचडी झाल्यावरही हा प्रश्न सुटणार नाहीये.

औषधं चाचणीच्या चित्रात ढवळाढवळ करतात असंही असतं. मॉर्फिनसारख्या जोरदार वेदनाशामकाने पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळला जातो, त्यामुळे पित्ताशयाच्या न्यूक्लिअर स्कॅनमध्ये पित्त आतड्यात उशिरा उतरताना दिसतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर पेट स्कॅनमध्ये आतडी उजळून दिसतात. म्हणूनच स्कॅनच्या आधी “कुठली औषधं चालू आहेत?” विचारतात. तिथे खरं आणि पूर्ण सांगा, काउंटरवरच्या घाईत “काही नाही” म्हणू नका.

आणि ‘ॲबनॉर्मल’ या शब्दाचंही थोडं बोलायला हवं, कारण त्यानेच घरं हादरतात. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन काढले तर काय दिसतं? २०१५ मध्ये असे ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, ३,११० लोक, कुणालाच त्रास नाही. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. फुगलेली चकती विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे एका वयानंतर ‘नॉर्मल’ स्कॅन येणं हेच ॲबनॉर्मल म्हणायची वेळ. आता वेदनाशामक घेणाऱ्या कुणाचाही स्कॅन काढला तर त्यात काहीतरी निघणारच, गोळी घेतली म्हणून नाही, वय झालं म्हणून. तेही बिचाऱ्या गोळीच्या नावावर जमा.

पण याचा अर्थ मावशीचा रिपोर्टही ‘वयानुसार’ म्हणून सोडून द्यायचा होता असा नाही. दोन मणके आणि मधली चकती एकत्र झिजणं, शेजारी पाणी, घटलेलं वजन. हे चित्र वेगळं असतं आणि ते ओळखणं माझं काम नाही, भावाचंही नाही, यादीचं तर नाहीच. ते डॉक्टरांनी बरोबर ओळखलं होतं.

मग हे अहवाल गोळा करून उपयोग काय, असं भावाने मला वैतागून विचारलं. उपयोग आहे. २०२३ च्या अखेरीला आपल्याकडच्या फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली, पाळीच्या दुखण्यावर बायका जी गोळी सर्रास घेतात तीच. तिच्याने ‘ड्रेस’ नावाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते: अंगभर पुरळ, ताप, लसिकाग्रंथी सुजणं, रक्तात विशिष्ट पेशी वाढणं. दुर्मिळ, पण चित्र स्पष्ट आणि औषधांशी नातं आधीपासून माहीत असलेलं. असे थोडेसेच अहवालही खूप काही सांगतात. ‘स्कॅन ॲबनॉर्मल’चे हजार आले तरी काही सांगत नाहीत.

मावशीचं पुढे काय झालं ते सांगते. टीबीची औषधं सुरू झाली, निदान वर्षभर घ्यायची. पाचव्या आठवड्यात तिला मळमळ, भूक नाही, लघवी पिवळी. रक्त तपासलं तर लिव्हरची एन्झाइम्स बरीच वाढलेली. डॉक्टरांनी लिव्हरला त्रास देणारी तिन्ही औषधं थांबवली. दोन आठवड्यांत आकडे खाली आले. मग एकेक औषध परत सुरू केलं, प्रत्येकाच्या मध्ये काही दिवस सोडून आणि रक्त तपासून. रिफॅम्पिसिन, काही नाही. आयसोनियाझिड, काही नाही. पायराझिनामाइड दिलं आणि चार दिवसांत आकडे पुन्हा चढले. ते कायमचं बंद केलं.

आमच्या भाषेत याला डीचॅलेंज आणि रीचॅलेंज म्हणतात: औषध काढलं की त्रास जातो, परत दिलं की परत येतो. कार्यकारणभाव तपासायची नरांजो नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, १९८१ पासून वापरात. त्यात या दोन्हींना गुण आहेत. रीचॅलेंज कुणी मुद्दाम करत नाही, धोक्याचं असतं. इथे टीबीची औषधं सोडणं परवडणारं नव्हतं म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावं लागलं.

मी सुट्टीत कराडला गेले तेव्हा आम्ही तिघांनी बसून याचा अहवाल भरला. पेशंटसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. नाहीतर १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर सांगता येतं. मावशी चष्मा लावून एकेक तारीख डायरीतून वाचत होती, दूधवाल्याच्या हिशोबाच्या शेजारी तिने गोळ्यांच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. माझ्या आयुष्यात मी इतका नीट भरलेला अहवाल पाहिलेला नाही. कुठला त्रास, कधी सुरू, कधी थांबला, कुठल्या तपासणीत किती आकडा.

संशयित औषध: पायराझिनामाइड. मग पुढचा प्रश्न आला, त्या काळात आणखी कुठली औषधं चालू होती? मावशीने डायरीवर बोट ठेवलं. रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, इथॅम्ब्युटॉल, बीपीची गोळी. आणि दोनदा, डॉक्टरांना विचारून, कंबर फारच दुखली म्हणून, आयबुप्रोफेन.

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. “म्हणजे आता लिव्हरच्या यादीतपण तिचं नाव जाणार?”

“जाणार,” म्हटलं. “लिही.”